एकशे त्र्याण्णवावं काम

१

तिला सगळे चौकशीबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. लिफ्ट मध्येच अडकली तर घंटा दाबायची सोडून, ती का अडकली असेल याचा विचार करत बसणारी बाई. तिला दुसरं काय म्हणणार? पेशाने ती प्रोग्रॅमर होती. गेले पाच महिने एका नव्या तपासणी केंद्रात तिचं काम चाललं होतं. तीन मजले, बत्तीस खोल्या. कुठे डोळे तपासायचे, कुठे कान, कुठे हृदय. सोमवारी केंद्र उघडायचं होतं. रोज सकाळी माणसं यायच्या आत ती अख्खी इमारत जागी करायची, हे तिच्या प्रोग्रॅमचं काम.

ऐकायला सोपं होतं. प्रत्येक खोलीची सहा कामं: कुलूप उघडणे, दिवे, हवा, गारवा, यंत्र तापवणे आणि शेवटी दारावरची ‘आत या’ ही पाटी उजळणे. प्रत्येक कामासमोर तिने लिहून ठेवलं होतं की त्याच्या आधी काय काय झालेलं हवं. कुलूप उघडल्याशिवाय दिवे नाहीत. हवा खेळायला लागल्याशिवाय यंत्र नाही. शिवाय प्रोग्रॅमने एकेका कामापाशी ताटकळत उभं राहायचं नाही. चहाचं आधण ठेवलं की आपण काही पातेल्याकडे टक लावून बसत नाही, तोवर कप विसळतो, तसंच. एका खोलीतलं यंत्र तापतंय तोवर दुसरीचं कुलूप काढायचं, आणि यंत्राने ‘झालं’ म्हटलं की तिथून पुढचा धागा उचलायचा. पडद्यावर प्रत्येक कामाची एक ओळ. थांबलेलं काम करडं, चालू असलेलं पिवळं, झालेलं हिरवं.

मंगळवारी सकाळी साडेनऊला तिने रोजच्यासारखी चाचणी लावली. पंधरा-वीस मिनिटांत सगळा पडदा हिरवा झाला. एवढ्यावर उठली असती तर ती चौकशीबाई कसली! तिने कोपऱ्यातला एकूण आकडा बघितला. बत्तीस सक एकशे ब्याण्णव. तिथे एकशे त्र्याण्णव होते.

तिने पडद्यावर बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून, एकेक ओळ मोजली. एकशे त्र्याण्णवच. शेवटची ओळ जास्तीची होती. बाकी सगळ्या ओळींपुढे खोलीचा नंबर होता, हिच्यापुढे नव्हता. नुसता एक शब्द होता: ‘मोजणे’. हिरवा. पूर्ण झाल्याची वेळ नऊ बावन्न.

तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ बावन्न झाले होते.

२

कुणीतरी चाचणीसाठी टाकलेली आणि काढायची राहून गेलेली ओळ असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. पण प्रोग्रॅमला हात लावणारी ती एकटीच. राहता राहिला वायरमन. तो प्रोग्रॅमच्या वाटेला जात नसे, पण तारा त्याच्या होत्या.

वायरमन साठीला टेकलेला, ढेरपोट्या आणि बोलघेवडा. आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन दिवे लावून दिलेला माणूस. त्याला मुक्याने काम करताच यायचं नाही. इमारतीत त्याला सगळे काकाच म्हणत. तो तिसऱ्या मजल्यावर बोर्डाचं झाकण उघडून, कंबरेवर हात ठेवून उभा होता.

“काका, तुम्ही माझ्या यादीत काही घातलंत का?”

“मी? अहो, मला घरच्या मोबाइलचा गजर लावता येत नाही. का, काय झालं?”

“एक काम जास्त दिसतंय.”

“मग बरोबर आहे,” तो म्हणाला.

“काय बरोबर आहे?”

“या मजल्यावर बारा खोल्या. बाराही खोल्यांचे दिवे मी आत्ता हाताने बंद केले. तरी हा मीटरचा काटा बघा. एका खोलीचे दिवे चालू आहेत.”

“कुठल्या?”

“तेच तर बघतोय. बारा खोल्या दोनदा फिरून आलो, सगळीकडे अंधार.”

तेवढ्यात कुठेतरी हवा सुरू झाली. नव्या इमारतीतली हवा सुरू होताना आधी एक खाकरल्यासारखा आवाज येतो आणि मग सूं असा एकसुरी सूर लागतो. दोघांनी मान वर केली. सव्वीस नंबरच्या दारापाशी उभं राहिलं तर आवाज सत्तावीसमधून आल्यासारखा वाटे, आणि सत्तावीसपाशी गेलं की सव्वीसमधून.

खाली येऊन तिने पडदा बघितला. आकडा एकशे शहाण्णव झाला होता. ‘मोजणे’च्या खाली तीन नव्या ओळी होत्या, तिन्ही हिरव्या. दिवे. विचारणे. हवा.

३

बुधवारचा सगळा दिवस तिने कारणं शोधण्यात घालवला, आणि खरं सांगायचं तर तो दिवस तिला आवडला. इतकं छान कोडं तिच्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. प्रोग्रॅमच्या साडेतीन हजार ओळी तिने चाळून काढल्या. ‘मोजणे’ हा शब्द कुठेच नव्हता. त्या चार ओळी तिने पुसल्या. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. चारही परत आल्या, हिरव्याच. चौथीखाली आता पाचवीही होती, करडी, कशाची तरी वाट बघत थांबलेली: ‘मापणे’.

मग तिने एक कोरा कागद घेतला आणि कुठल्या कामाआधी कुठलं काम, ते बाणांनी काढलं. चित्र पूर्ण झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

मोजलं होतं तिने. ते झाल्यावर दिवे लागले. विचारलं होतं तिने, काकांना. ते झाल्यावर हवा सुरू झाली. एक काम तिचं, पुढचं त्या खोलीचं. कुणीतरी तिची कामं यादीत धरली होती आणि स्वतःची कामं त्यांच्यावर अडकवून ठेवली होती.

‘काहीतरीच,’ ती मनाशी म्हणाली. ‘माणसाचं काम प्रोग्रॅमला कळणार कसं?’ पण तिच्या मनात टोचत होतं ते वेगळंच. तिच्या बत्तीस खोल्यांत सगळ्यात आधी कुलूप उघडायचं, कारण माणूस बाहेरून येतो. या खोलीत आधी दिवे लागले, मग हवा आली, आणि कुलपाचा अजून पत्ताच नव्हता. असा क्रम कधी लागेल? तिने कागद उलटसुलट करून बघितला. एकच उत्तर सुचत होतं. आधी उजेड, मग श्वासापुरती हवा, आणि दार सगळ्यात शेवटी, असा क्रम आत असलेल्या माणसासाठी लावतात.

४

तिचे वडील रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झाले होते. बापलेक दोघंच राहत. संध्याकाळी जेवताना तिने त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“आमच्याकडे हेच होतं की, ठमे,” ते म्हणाले. “एक लिव्हर दुसऱ्याला धरून ठेवतो. फाटक लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही. लिव्हर हलेना म्हणून जोर नाही लावायचा. त्याला कुणी धरलंय ते बघायचं.”

“तेच बघतेय, बाबा.”

“नाही. तू उलटं बघतेयस. तुझा लिव्हर अडलेला नाही, तू तो ओढतेयस. ज्याचा अडलाय तो दुसऱ्या टोकाला आहे.”

“दुसऱ्या टोकाला कोण?”

“ते आम्हालाही कधी कळायचं नाही. पुढच्या केबिनमधल्या माणसाशी माझं अकरा वर्षं नुसतं घंटांवर बोलणं. इकडून दोन टोले, तिकडून दोन टोले. तोंड कधी बघितलं नाही.” त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “पण एक होतं. तो कोण आहे ते मला माहीत नव्हतं, तरी त्याला काय हवंय ते माहीत होतं. गाडी पुढे जायला हवी, बस. तुझ्या या माणसाला काय हवंय?”

“माणूस कशावरून?”

“बरं, नसेल. पण हवं तर काहीतरी आहे ना? मग नको मापूस.”

“आणि कळणार कसं मग?”

“नाही कळणार,” ते म्हणाले. “काही बिघडतं का?”

तिने ताटं उचलली. बिघडत होतं.

५

गुरुवारी तिने मापायच्या टेपला हात लावला नाही. ‘मापणे’ दिवसभर करडंच राहिलं. ती दर तासाला जाऊन बघून येई. बघण्याने काही होत नाही एवढं तरी कळलं, म्हणून तिला बरं वाटलं. पण तिसऱ्या मजल्यावरची ती सूं संपत नव्हती. तिने दुपारी प्रोग्रॅम पूर्ण बंद केला. बत्तीस खोल्या चिडीचूप झाल्या. तेहेतिसावी चालूच होती.

शुक्रवारी दुपारी तिने स्वतःची समजूत घातली. शनिवारी वरिष्ठ पाहणीला येणार होते. सगळं ठीक आहे, असं तिला लिहून द्यायचं होतं. मापलं आणि दोन खोल्यांमध्ये नुसती भिंत निघाली, तर सगळं तारांचं दुखणं ठरेल आणि विषय संपेल. न मापता सही कशी करायची? कारण बिनतोड होतं. आपल्याला मापायचंच आहे म्हणून ते इतकं बिनतोड झालंय, हेही तिला कळत होतं.

“धरा काका टोक,” ती म्हणाली.

सव्वीस आतून मापली: वीस फूट. सत्तावीस आतून मापली: वीस फूट. मग बाहेर व्हरांड्यात, सव्वीसच्या पहिल्या भिंतीपासून सत्तावीसच्या शेवटच्या भिंतीपर्यंत. काकांनी टेप ताणून धरली आणि आकडा वाचला.

“एकोणपन्नास आणि वर थोडं.”

“भिंतीची जाडी धरली तरी एकेचाळीस हवेत.”

“आठ फूट कुठे गेले?” काका म्हणाले. त्यांनी नवीन रंग दिलेल्या भिंतीकडे बघितलं. पांढरीशुभ्र, सपाट, त्यावर आग विझवायचं नळकांडं आणि पळवाटेचा नकाशा. “नकाशात तर काही नाही. चोरकप्पा ठेवलाय की काय कुणी?”

टेप सरसर करत डबीत परत गेली, आणि त्याच क्षणी भिंतीच्या आत खट्‌ असा आवाज झाला. तिने तो पाच महिने रोज सकाळी बत्तीस वेळा ऐकला होता. विजेचं कुलूप सुटण्याचा आवाज.

६

ती हातातल्या फोनवर यादी उघडून बघू लागली. ‘मापणे’ हिरवं. ‘कुलूप’ हिरवं. त्याखाली एक करडी ओळ: ‘ठोठावणे’.

“काका,” ती म्हणाली, “भिंतीला हात—”

पण वायरमनची जात. भिंत दिसली की आत पोकळ आहे का ते बघायला हात आपसूक वर जातो. टक, टक, टक. आवाज पोकळ आला. दारावर ठोठावल्यासारखा.

“बघा, पोकळ आहे,” काका खुशीत म्हणाले, आणि मग त्यांनी तिचा चेहरा बघितला.

भिंतीवर एक रेघ उमटली होती. तडा नव्हता, उजेड होता. जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या वर वीतभर, केसाएवढा बारीक आणि ओळंब्यात सरळ. खाली जमिनीलगतही तसाच, तीन फूट आडवा. दुपारचे सव्वाचार झाले होते, व्हरांडाभर ऊन होतं, आणि तरीही तो उजेड वेगळा कळत होता. खालच्या रेघेत दोन जागी काळं होतं. पलीकडे कुणीतरी दाराला अगदी लागून उभं राहिलं की पावलांच्या जागी उजेड अडतो, तसं.

तिने श्वास रोखला. उजवीकडचं काळं जरासं सरकलं. पलीकडचंही कान देऊन ऐकत होतं.

भीती तिला वाटली, नाही असं नाही. पण त्या भीतीच्याही वर काहीतरी होतं. खाली वाकून, गाल फरशीला लावून, त्या फटीतून एकदा बघावं. एकदाच. ती गुडघ्यावर बसलीसुद्धा. हातातला फोन थरथरला. ‘ठोठावणे’ हिरवं झालं होतं आणि खाली शेवटची ओळ आली होती. तिच्यापुढे आणखी काही अडकलेलं नव्हतं. ‘उत्तर’. पिवळी.

आता आतून उत्तर येणार, असं तिला वाटलं. तिने तोंडावर हात दाबून धरला, कारण तिच्या ओठांवर प्रश्न आला होता आणि तो तिला विचारायचा नव्हता.

पण आतून उत्तर आलं नाही. प्रश्नच आला.

“कोण आहे?”

आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. रागीट नव्हता, दुखावलेला नव्हता. ज्याला खरोखर, मनापासून जाणून घ्यायचंय, त्याचा होता. ‘उत्तर’ कुणी द्यायचंय ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं. ती वळली, काकांचा दंड धरायला हात पुढे केला.

चाळीस वर्षं लोकांच्या दारांत उभं राहून, आतून हा प्रश्न आला की एकच गोष्ट बोललेला तो माणूस. विचार करायच्या आत त्याचं तोंड बोलून गेलं.

“आम्हीच. लाइटवाले.”

ओळ हिरवी झाली.

“अस्सं,” आतलं म्हणालं. मग पुन्हा, पुटपुटल्यासारखं, शब्द तोंडात घोळवून बघावा तसं: “आम्हीच.” आणि त्यानंतर, जाड, किंचित घोगऱ्या आवाजात, जो ते दोघंही चांगला ओळखत होते: “आम्हीच. लाइटवाले.”

उजेडाची रेघ विझली. सूं थांबली.

७

तिने काकांना धरून खाली नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पडद्यावर एकशे ब्याण्णव ओळी होत्या, मोजून एकशे ब्याण्णव. अर्ध्या तासाने, काका नको नको म्हणत असताना, तिने त्यांना पुन्हा वर नेलं आणि टेप धरायला लावली. बाहेरून एकेचाळीस फूट. भिंत ठोकून बघायचा धीर दोघांनाही झाला नाही.

“घरी जाऊ,” काका म्हणाले. “मला घरी जायचंय.”

गेटवर बसणाऱ्या मावशी वहीत नोंद करत होत्या. काकांना बघून त्यांनी चष्मा वर केला.

“हे काय, तुम्ही परत कधी आलात?”

“परत म्हणजे?”

“मघाशी नाही का गेलात? मी म्हटलंसुद्धा, आज लवकर? तर उभे राहून मलाच विचारत बसलात, घर कुठल्या बाजूला, घरी कोण असतं. मी म्हटलं, करताहेत थट्टा.” त्या हसल्या. “पुलापलीकडे, पिवळी चाळ, जिना चढून डावीकडे, आणि काकू वाट बघत असतील, जा. सगळं सांगितलं मी, तुम्ही पण ऐकून घेतलंत मुकाट्याने.”

काकांचा चेहरा कागदासारखा झाला. त्यांनी फोन काढला, पण बोटांना आकडे सापडेनात. तिने लावून दिला. दोनदा घंटी वाजली आणि काकूंचा आवाज आला.

“अहो, घरातल्या घरात फोन कसले लावता? हात धुवून या आधी. चहा गार होतोय.”

आणि फोन बंद झाला.

काका धावले. त्या वयात, त्या पोटाने, ते धावले आणि ती त्यांच्या मागून धावली. ऑफिसं सुटायची वेळ होती. पुलावर माणसंच माणसं, आणि प्रत्येक पाठमोरा माणूस तिला निरखून बघावासा वाटत होता. पिवळी चाळ आली. जिना. डावीकडचं दार लोटलेलं होतं. काकांनी ते ढकललं नाही. ते उंबऱ्याबाहेर धापा टाकत उभे राहिले आणि त्यांनी बायकोला हाक मारली.

काकू चहाची बशी हातात घेऊनच दारात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईकडे बघितलं. मग सावकाश मान वळवून घरात बघितलं. मोरीचं दार बंद होतं. आत पाणी वाहत होतं, कुणीतरी निवांतपणे, बराच वेळ, हात धुत असल्यासारखं.

“अहो,” काकू अगदी हळू म्हणाल्या, “मग आत कोण आहे?”

चौकशीबाईला पहिल्यांदाच काही जाणून घ्यायचं नव्हतं. तिने काकूंचं मनगट धरून त्यांना बाहेर ओढलं, काकांनी दार ओढून घेऊन बाहेरून कडी लावली, आणि तिघं जिन्याच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

आत नळ बंद झाला.